हवामान रडार व संपर्क अँटेनांवरील फायबरग्लास रेडोम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेडोम म्हणजे काय, आणि तो फायबरग्लासचाच का असतो?

रडारच्या किंवा उपग्रह संपर्काच्या अँटेनावर जे पांढरे, बहुधा गोल आवरण दिसते त्याला रेडोम म्हणतात. वारा, पाऊस, ऊन, खारी हवा आणि पक्षी यांच्यापासून अँटेनाचे रक्षण करणे हे त्याचे वरवर दिसणारे काम आहे. परंतु अँटेनातून निघणारी आणि तिच्याकडे परतणारी प्रत्येक लहर याच आवरणातून जात असल्यामुळे ते नुसते छप्पर राहत नाही, तर अँटेनाचाच एक विद्युत भाग बनते. जाडी, रंग, दुरुस्ती, खरेदी यांविषयीच्या खालील उत्तरांत जे नियम काहीसे जाचक वाटतील, त्या सर्वांमागचे कारण हेच आहे.

पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा रेडिओ लहरी परतवून लावतो. कार्बन फायबर वजनाला हलके आणि ताकदीला उत्तम असले तरी ते विजेचे वाहक असल्यामुळे इथे निरुपयोगी ठरते. काचतंतू आणि पॉलिएस्टर, व्हिनिलएस्टर किंवा इपॉक्सी रेझिन यांचा संयोग मात्र विद्युतरोधक असतो, हव्या त्या आकाराच्या साच्यात घालता येतो, गंजत नाही आणि वजनाच्या मानाने पुष्कळ भार पेलतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात विमानांवरील रडारसाठी ॲक्रिलिक आणि प्लायवुडही वापरले गेले. पण प्लायवुड ओलावा शोषते, आणि ओलावा हा रेडोमचा मोठा शत्रू असल्याने पुढे फायबरग्लासने त्यांची जागा घेतली. १९५० च्या दशकात उत्तर ध्रुवीय प्रदेशात अमेरिका व कॅनडा यांनी उभारलेल्या इशारा-रडारांच्या साखळीवर अमेरिकी संशोधक-वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्या घुमटांच्या भूमितीवर आधारलेले फायबरग्लासचे घुमट बसवले गेले, आणि जमिनीवरील मोठ्या रेडोमचे आजचे रूप बऱ्याच अंशी तिथूनच आले आहे.

आवरण जितके जाड तितके चांगले, असे का म्हणता येत नाही?

कारण लहर एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना तिचा काही भाग परावर्तित होतो, आणि हे परावर्तन भिंतीच्या बाहेरील व आतील अशा दोन्ही पृष्ठभागांवर घडते. ही दोन परावर्तने एकमेकांना छेद देऊन नाहीशी होतील अशी जाडी निवडणे हे रेडोमच्या आखणीचे मर्म आहे. एकसंध भिंतीच्या बाबतीत ही जाडी पदार्थातील लहरीच्या लांबीच्या निम्मी असावी लागते.

आकड्यांत पाहिले तर गोष्ट स्पष्ट होते. साध्या ई-ग्लासच्या (नेहमीच्या काचतंतूंच्या) थराचा विद्युत्-पारकता अंक, म्हणजे त्या पदार्थात लहर किती आखूड होते हे ठरवणारा आकडा, चार ते साडेचारच्या आसपास असतो. ९.४ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या एक्स-बँड (बँड म्हणजे वारंवारतेचा पट्टा) रडारची लहर हवेत सुमारे ३२ मिमी लांब असते, अशा थरात ती जवळपास १५.६ मिमी होते, आणि म्हणून योग्य जाडी सुमारे ७.८ मिमी येते. ही सहज करता येण्याजोगी आहे. परंतु २.८ गिगाहर्ट्झच्या एस-बँड हवामान रडारसाठी हेच गणित मांडले तर जाडी २६ मिमीपर्यंत जाते, आणि १२ मीटर व्यासाच्या घुमटाला ती दिली तर नुसत्या कवचाचे वजन पंधरा टनांच्या पुढे जाईल. तिथे दोनच वाटा उरतात. पहिली म्हणजे भिंत इतकी पातळ ठेवायची की लहरीला ती जेमतेम जाणवावी. पण मग ताकदीसाठी सांगाडा लागतो. दुसरी म्हणजे सँडविच रचना, ज्यात फायबरग्लासच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये हलका फोम किंवा मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळीदार पोकळ रचना भरतात. या गाभ्याची जाडी पाव लहरीच्या जवळपास, म्हणजे एस-बँडसाठी २० ते २५ मिमी ठेवली की दोन्ही पापुद्र्यांची परावर्तने एकमेकांना मारतात, शिवाय भिंत वाकण्याला चांगला विरोधही करते. हवामान रडारांवर आज बहुतेक ठिकाणी हीच रचना दिसते.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो : एका वारंवारतेसाठी उत्तम असलेला रेडोम दुसऱ्या वारंवारतेच्या अँटेनावर चढवणे म्हणजे पैसे देऊन अडथळा विकत घेणे होय.

"घट केवळ ०.३ डेसिबल" असे उत्पादक सांगतात. ती खरोखरच नगण्य आहे का?

ते अँटेना काय करते यावर अवलंबून आहे. ०.३ डेसिबल म्हणजे एकदा आरपार जाताना सुमारे ७ टक्के शक्ती गमावणे. रडारमध्ये लहर जाते आणि परत येते, म्हणून घट ०.६ डेसिबल, म्हणजे जवळपास १३ टक्के होते. हवामान रडारमध्ये हा आकडा स्थिर असेल तर तो मोजून हिशेबात धरता येतो, त्यामुळे तिथे तो फारसा त्रास देत नाही.

उपग्रहाकडून येणारा क्षीण संकेत पकडणाऱ्या अँटेनाचे मात्र तसे नाही. आवरण जितकी शक्ती शोषते तितका औष्णिक गोंगाट ते स्वतः अँटेनात ओतते. सामान्य तापमानाला ०.३ डेसिबलचे शोषण सुमारे २० केल्विनची भर घालते. ग्राहक यंत्रणेचे एकूण गोंगाट-तापमान (तापमानाच्या मापात मांडलेला गोंगाट) १०० केल्विन असेल तर संकेतातील घट आणि गोंगाटातील वाढ मिळून नुकसान १.१ डेसिबलच्या घरात जाते, म्हणजे माहितीपत्रकावरील आकड्याच्या तिपटीहून अधिक. उपग्रह केंद्रासाठी रेडोम घेताना घटीचा आकडा पाहून समाधान मानू नये. त्यातील किती भाग शोषणाचा आणि किती परावर्तनाचा, हे विचारावे.

पावसात रडारचे चित्र फिके का पडते?

कोकणात आणि घाटमाथ्यावर हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर रेडोमच्या कोरड्या चाचणी-अहवालात सापडत नाही.

सूक्ष्मलहरींसाठी पाण्याचा पारकता अंक साठ ते ऐंशी, म्हणजे फायबरग्लासच्या पंधरा-वीस पट असतो. त्यामुळे घुमटावर पाण्याचा सलग पापुद्रा पसरला, तर तो मिलिमीटरच्या एक-दोन दशांश जाडीचा असला तरी लहरीचा चांगलाच भाग परतवतो आणि शोषतो. हेच पाणी थेंब किंवा ओघळ होऊन खाली गेले तर मधली जागा कोरडी राहते आणि नुकसान पुष्कळ कमी होते. म्हणजे किती पाऊस पडला यापेक्षा पाणी घुमटाच्या कातडीवर कसे वागते, हे अधिक निर्णायक आहे.

एस-बँडवर हा परिणाम सौम्य असतो. सी-बँडवर (एस आणि एक्स यांच्या मधल्या पट्ट्यावर) आणि त्याहून अधिक एक्स-बँडवर तो मुसळधार पावसात काही डेसिबलपर्यंत पोहोचतो. मुंबईत कुलाब्याचे रडार एस-बँडचे आणि वेरावलीचे सी-बँडचे आहे, त्यामुळे रडार ज्या परिसरात उभे आहे तिथेच जोराची सर कोसळत असताना दोघांची चित्रे तुलनेला घेणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा. सर डोक्यावर असताना पलीकडचा पाऊस जो दुबळा दिसतो तो प्रत्यक्षात दुबळा असेलच असे नाही. शिवाय वाऱ्याकडची बाजू अधिक भिजते, म्हणून ही घट सर्व दिशांना सारखी नसते आणि एकच दुरुस्ती-अंक लावून ती भरून काढता येत नाही.

यावरील उपाय म्हणजे जलविरोधी लेप. तो शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. झाडांवर पाणी मारण्याच्या फवाऱ्याने घुमटाच्या हाताशी येणाऱ्या भागावर स्वच्छ पाणी मारावे. पाणी मण्यांसारखे गोळा होऊन घरंगळले तर लेप जिवंत आहे. ते पसरून काळपट, ओली चकती तयार झाली आणि ती मिनिटभर तशीच राहिली तर लेपाचे आयुष्य संपले आहे. ही तपासणी मे महिन्याच्या आरंभी करावी, म्हणजे पावसाआधी नवा लेप देऊन तो पक्का होण्यास वेळ मिळतो. ती केवळ सावलीच्या बाजूला करून भागत नाही, कारण ऊन खाणारी दक्षिण व पश्चिम बाजू आधी निकामी होते.

घुमटावरील तुकडे वेडेवाकडे आणि असमान का असतात?

मोठा घुमट अखंड बनवून रस्त्याने नेता येत नाही, म्हणून तो तुकड्यांत बनवून जागेवर बोल्टने जोडतात. प्रत्येक सांध्याशी कडा जाड झालेली असते आणि त्यात बोल्ट असतात, त्यामुळे तिथे लहर थोडी विखुरते. सर्व सांधे उभ्या-आडव्या, एकसारख्या ओळींत असतील तर हे विखुरणे एकाच दिशेला साचते आणि मुख्य झोताच्या बाजूला खोटे उपझोत वाढतात. तुकड्यांचे आकार व सांध्यांच्या दिशा मुद्दाम विस्कटल्या की तेच विखुरणे सर्वत्र पातळ पसरते. आडव्या व उभ्या अशा दोन्ही ध्रुवणांत (लहरीच्या कंपनाच्या दिशांत) मोजमाप करणाऱ्या आधुनिक हवामान रडारांना तर ही विस्कळीत मांडणी आवश्यकच आहे, कारण त्यांचे सारे गणित दोन ध्रुवणांतील सूक्ष्म फरकावर उभे असते आणि उभ्या सांध्यांची रांग त्या फरकात ढवळाढवळ करते.

फारच मोठ्या घुमटांसाठी धातूच्या सांगाड्यावर पातळ पडदा ताणण्याची पद्धत आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९६४ पासून उभ्या असलेल्या हेस्टॅक वेधशाळेची ३७ मीटर व्यासाची अँटेना अशाच सुमारे ४६ मीटर व्यासाच्या घुमटात आहे. सांगाड्याचा धातू काही लहरी अडवतो हे खरे, परंतु त्या आकाराला दुसरा सोयीचा मार्ग नव्हता.

चक्रीवादळात रेडोम टिकतो का?

ज्या वेगासाठी आखला असेल तिथपर्यंत टिकतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे वाक्य सर्वांना पाठ असते, पण त्याचा अर्थ आकड्यांशिवाय मनात उतरत नाही. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्यातून निघणारा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो वजनाइतका होतो. वेग ६० मीटरवर गेला की हाच दाब २२० किलोच्या आसपास पोहोचतो. १२ मीटर व्यासाचा घुमट वाऱ्यापुढे ११३ चौरस मीटरचे क्षेत्र उभे करतो, आणि समोर दाब असताना माथ्यावर व बाजूंना ओढ असते, म्हणजे घुमट एकाच वेळी ढकललाही जातो आणि उपटलाही जातो. उंच इमारतीच्या किंवा टेकडीच्या माथ्यावर मूळ वेगाला आणखी गुणक लावावे लागतात.

आखणीपेक्षा वारा मोठा झाला की काय होते याची उदाहरणे नोंदलेली आहेत. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया वादळाने प्वेर्तो रिकोमधील कायेय येथील डोंगरमाथ्यावरील हवामान रडारचा रेडोम उडवला आणि आतली अँटेनाही नेली. ते रडार जून २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाले. २७ ऑगस्ट २०२० रोजी लॉरा वादळात लुइझियानातील लेक चार्ल्स येथे तसेच घडले. आपल्याकडे ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद वादळाच्या तडाख्यात विशाखापट्टणमच्या डॉप्लर रडारच्या रेडोमचे नुकसान झाले.

घुमटाचा एक तुकडा निघाला की वारा आत शिरतो, आतून दाब येतो आणि उरलेले तुकडे बाहेर फेकले जातात. म्हणून वादळापूर्वीच्या तपासणीत माथ्यावरची झडप, प्रवेशदार आणि पायाशी असलेले बोल्ट यांवर सर्वाधिक वेळ द्यावा. मधल्या तुकड्यांकडे नंतर पाहिले तरी चालते.

प्रत्येक अँटेनाला रेडोम लागतोच का?

नाही. पुणे जिल्ह्यात खोडदजवळ असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उघड्याच आहेत. त्या दीड गिगाहर्ट्झच्या खालच्या लांब लहरी टिपत असल्यामुळे त्यांचा पृष्ठभाग तारांच्या जाळीचा करता आला, आणि जाळीतून वारा निघून जातो. तिथून जवळच आर्वी येथे १९७१ मध्ये सुरू झालेल्या विक्रम उपग्रह भूकेंद्राची मोठी तबकडीही उघडीच होती.

त्याआधी १९६२ मध्ये टेलस्टार उपग्रहासाठी अमेरिकेतील अँडोव्हर येथे ६४ मीटर व्यासाचे, हवेने फुगवलेले रबरी-कापडी आवरण उभारले होते. इंग्लंडमधील गूनहिली केंद्राने मात्र तबकडी उघडी ठेवली. भिजलेल्या आवरणामुळे वाढणाऱ्या गोंगाटाचा अनुभव आल्यावर पुढील बहुतेक मोठी भूकेंद्रे आवरणाविनाच बांधली गेली. हवामान रडारला ही मुभा नाही, कारण त्याची भरीव तबकडी दर काही मिनिटांनी पूर्ण फेरे घेत असते आणि जेव्हा वारा सर्वाधिक असतो तेव्हाच ती फिरणे सर्वांत गरजेचे असते. जहाजावरील उपग्रह अँटेनेचीही हीच स्थिती आहे.

रेडोमला आम्ही स्वतः रंग देऊ शकतो का?

उत्पादकाने नाव घेऊन सांगितलेला रंग, सांगितलेल्या जाडीत, असे असेल तरच द्यावा. लोखंडी कामाला वापरतात तो चंदेरी रंग कधीही लावू नये, कारण त्यात ॲल्युमिनियमचे चपटे कण असतात आणि ते वाळताना एकमेकांवर पडून जवळपास सलग धातूचा पापुद्रा तयार करतात. काजळीयुक्त काळे रंगही टाळावेत. रत्नागिरी-मालवणकडच्या ट्रॉलरवाल्यांनी बोटीच्या तळाला लावायचा, तांब्याचा अंश असलेला रंग रडारच्या डब्याला फासू नये, मग तो डब्यात कितीही उरलेला असो.

साधा पांढरा रंगसुद्धा निर्दोष नाही. दर दोन-तीन वर्षांनी जुन्यावर नवा हात मारत गेल्यास थर साचतात, काळजीपूर्वक ठरवलेली जाडी बदलते, आणि एक्स-बँडसारख्या आखूड लहरींना तो बदल जाणवतो. नवा रंग देण्यापूर्वी जुना हलक्या हाताने घासून काढावा. काचतंतू उघडे पडेपर्यंत घासू नये.

तपासणी आणि दुरुस्ती कशी करावी?

उन्हाने वरचा जेलकोट (रेझिनचा गुळगुळीत बाह्य थर) झिजतो, पृष्ठभाग खडूसारखा होतो आणि हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. पुढच्या टप्प्यावर काचतंतू वर डोकावू लागतात. त्या तंतूंच्या कडेने पाणी आत ओढले जाते, आणि एकदा सँडविचच्या गाभ्यात पाणी शिरले की तो भाग लहरींसाठी कायमचा ओला होतो, बाहेर कडक ऊन असले तरी.

आतले बिघाड शोधण्यासाठी नाण्याने टकटक करण्याची जुनी पद्धत अजूनही उपयोगी आहे. दहा रुपयांचे नाणे कडेवर धरून चार-चार बोटांच्या अंतराने हलके आपटत जावे. चांगल्या भागाचा आवाज स्वच्छ, टणक येतो. पापुद्रा गाभ्यापासून सुटला असेल तिथे तो एकदम बद्द होतो, भाजलेल्या मडक्याच्या रांगेत तडा गेलेले मडके लागावे तसा. अशा जागेभोवती खडूने सीमा आखावी, छायाचित्र घ्यावे, आणि ओलावामापकाने ती जागा तपासावी.

दुरुस्ती करताना मूळ रचना जशीच्या तशी परत आणणे हा एकमेव नियम आहे. तेच काचकापड, तेच रेझिन, तितकेच थर, तोच गाभा. "जरा जास्त मॅट (काचतंतूंची चटई) मारून मजबूत करू" हा सुतारकामातला सद्हेतू इथे बाधक ठरतो, कारण जाड ठिगळ लहरीच्या मार्गात भिंगासारखे वागते. भोक बुजवायला धातूची भुकटी असलेली लांबी (पुट्टी) वापरू नये. ओला गाभा कापून काढावा, वरून बंद करू नये. धुण्यासाठी मऊ ब्रश, गोडे पाणी आणि सौम्य साबण पुरतो. सांध्यांवर जोरदार फवारा मारल्यास सीलंट उखडते.

घुमटावर वीज पडली तर?

फायबरग्लास वीज वाहून नेत नसल्यामुळे तो स्वतः तिला जमिनीत नेऊ शकत नाही, आणि आत धातूची मोठी अँटेना असल्याने वीज घुमट भेदून तिच्याकडे जाऊ शकते. म्हणून माथ्यावर टोकदार दांडा आणि तेथून बाहेरच्या बाजूने खाली जाणाऱ्या बारीक वाहक पट्ट्या देतात. या पट्ट्यांची संख्या व जागा रेडोमच्या आखणीतच ठरलेल्या असाव्यात. नंतर स्थानिक वीजतंत्रज्ञाकडून जाड पट्टी उतरवून घेतल्यास संरक्षण मिळते, पण रडारच्या चित्रात त्या दिशेला एक छाया कायम राहते.

सोसायटीच्या गच्चीवरील मोबाइल अँटेना झाकण्यासाठी एफआरपीची (म्हणजे फायबरग्लासची) टाकी किंवा पडदा चालेल का?

चालतो, आणि अशी खोट्या टाकीची किंवा धुराड्याची आवरणे प्रत्यक्षात वापरलीही जातात. परंतु ती मोबाइल कंपनीच्या संमतीने आणि तिच्या वारंवारतांसाठी तपासलेली असावीत. अँटेनाला मुळात स्वतःचे आवरण असतेच; त्यापुढे दुसरे आवरण ठेवल्यावर दोहोंमधील अंतरही महत्त्वाचे ठरते. आत लोखंडी जाळी घातलेला पडदा, जो साधे फॅब्रिकेशनवाले हमखास सुचवतात, पूर्णपणे अयोग्य आहे.

भारतात हे काम होते का?

होते. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने विमानांसाठी आणि डॉप्लर हवामान रडारसाठीही रेडोम विकसित केले आहेत. गोव्यात पिळर्ण येथील किनेको या कंपनीने पुण्याजवळच्या दिघी येथील डीआरडीओच्या प्रयोगशाळेसह नौदलासाठी संमिश्र पदार्थाचा सोनार डोम बनवला, आणि तो नोव्हेंबर २०१६ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या हस्ते सुपूर्द झाला. सोनार डोममधून रेडिओ लहरींऐवजी ध्वनिलहरी जातात, पण भार पेलूनही लहरीला वाट द्यायची ही अट तीच आहे.

निविदेत काय लिहावे?

"उच्च दर्जाचा एफआरपी रेडोम" एवढेच लिहिले तर पाण्याची टाकी बनवणाराही पात्र ठरतो. वारंवारतेचा पट्टा, ध्रुवण, कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही स्थितींतील घट, झोताच्या दिशेत चालणारा कमाल बदल, उपझोतांत चालणारी वाढ, जागेच्या उंचीसह वाऱ्याचा वेग आणि जलविरोधी लेपाचा हमी-काळ हे सर्व आकड्यांत लिहावे. मोजमापाचा अहवाल प्रत्यक्ष पुरवल्या जाणाऱ्या तुकड्यांबरोबर, त्याच रेझिनच्या खेपेतून बनवलेल्या नमुन्याचा असावा. अनेक वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा नमुन्याचा नव्हे. दोन राखीव तुकडे आणि त्यांना लागणारे बोल्ट व सीलंट याच खरेदीत घ्यावे, कारण दहा वर्षांनी एकच तुकडा मागवला तर साचा उपलब्ध असेलच याची खात्री नसते.

रडार चालू असताना रेडोमच्या आत जाता येते का?

कदापि नाही. प्रवेशदार उघडताच प्रक्षेपण व अँटेनाची फिरती यंत्रणा दोन्ही बंद पडतील असे कुलूप-स्विच असतात, आणि तपासणीच्या घाईत ते तात्पुरते जोडून टाकण्याची सवय जीवघेणी आहे. आत जाणाऱ्याने चावी स्वतःच्या खिशात ठेवावी. घुमटाच्या बाहेरून चढणाऱ्याने सुरक्षा पट्टा बांधावा, मऊ रबरी तळाचे जोडे घालावेत आणि खिशातील अवजारे दोरीने बांधून घ्यावीत, कारण वरून निसटलेला पाना पापुद्र्यावर जो बारीक तडा पाडतो तो त्या दिवशी डोळ्यांना दिसत नाही आणि पहिल्या पावसात पाणी पिऊ लागतो.